चुकता

मॉबरी नावाचा तरुण ब्रोकर
दारातच बूट पुसत राहतो बराच वेळ.
राहू दे रे, हेझल म्हणते,
या कार्पेटनं माझ्या पोराचा फुटबॉल सोसलाय.
मग तो सोफ्यावर बसतो,
फाइल उघडतो आणि घसा खाकरून सांगतो,
दोन डाग आहेत.

पहिला, अठ्ठावन्न पौंडांचा, मोबाइल कंपनीचा.
ती बिलं जात राहिली जुन्या पत्त्यावर
जिथे ती तेव्हा राहत नव्हती,
कारण कीथ तिथे राहत होता.

दुसरा, सहाशे चाळीस, फर्निचरवाल्यांचा.
काय घेतलं होतं?
हेझल त्याच्याकडे बघते.
तू ज्यावर बसलायस ना, तेच.

तो उठत नाही.
पण जरा पुढे सरकतो, काठावर.

दोन्ही फेडलेत मी.
ग्रिम्सबीच्या गोदीमागे रात्रपाळीला
हॅडॉकचे काटे काढत, बोटं बधिर होईस्तोवर,
दर शुक्रवारी दहा पौंड.
पावत्या आहेत, बिस्किटांच्या डब्यात. दाखवू?
नको नको, तो म्हणतो, फेडल्याचीही नोंद आहे.
फक्त, फेडलं म्हणून पुसलं जात नाही.
सहा वर्षं राहतं ते.

मी हे ज्या भाषेत लिहितोय
तिच्यात हप्ता चुकला म्हणजे राहून गेला
आणि हप्ता चुकता म्हणजे देऊन झाला.
एका अक्षराचं अंतर.
हेझलला ते कापायला सत्तर शुक्रवार लागले.

आणि न चुकता म्हणजे आणखी तिसरंच.
अकरा वर्षं या घराचं भाडं तिनं भरलंय तसं,
एक तारीख, सहाशे पन्नास,
ज्या महिन्यात बॉयलर बंद होता त्या महिन्यातही.
ते कुठे लिहिलंय?
मॉबरी फाइल मागेपुढे चाळतो.
ते कुठेच लिहिलेलं नाही.

घरमालक निघालाय स्पेनला, गुडघ्यांना ऊन हवंय म्हणून.
घर आधी तुलाच देतो, म्हणाला, पण ईस्टरच्या आत.
डाग जाणार ऑगस्टमध्ये.
थांबता आलं असतं तर, मॉबरी म्हणतो आणि स्वतःच थांबतो.
मग खालच्या आवाजात व्याजदर सांगतो,
डॉक्टर लोक सांगतात तसा.
हप्ता पाचशे ऐंशी पडेल.
आता बँक विचारणार, हे तुम्हाला परवडेल का?

हेझल इतकी हसते
की शेजारच्या मिसेस ट्रफोर्डचा कुत्रा भिंतीपलीकडून भुंकतो.

अर्जात एक चौकोन असतो : थकबाकीचं कारण द्या.
आगपेटीएवढा.
आधी ती लिहिते कीथबद्दल, आणि खोडते.
मग आईच्या आजारपणाबद्दल; तेही खोडते,
त्यांना काय करायचंय आईशी.
अंथरूण पाहूनच पाय पसरले होते साहेब,
अंथरूणच कुणी ओढून नेलं,
असं काहीतरी मनात येतं, पण चौकोनात मावत नाही.
शेवटी नव्या कागदावर, मोठ्या अक्षरांत :
सोफा घेतला. नवरा गेला. सोफा राहिला. पैसे दिले.

मॉबरी म्हणतो, जरा सविस्तर लिहा ना.
ती म्हणते, सविस्तरच आहे.

पत्र आलं ते बुधवारी, दुपारी, ती झोपेत असताना.
दारातून सरकून पालथं पडलं.
कामावर जाताना तिनं ते उचललं, उघडलं नाही,
डब्याच्या पिशवीत ठेवलं,
आणि पहाटे तीनच्या सुट्टीत वाचलं,
हातमोजे काढून, दोनदा.
कागदाला अजून हॅडॉकचा वास आहे.

ऑगस्टमध्ये ओळी खरंच गेल्या.
कॉनरनं फोनवर दाखवलं : बघ, कोरी पाटी.
ती स्क्रीन खालीवर करत राहिली
काहीतरी ठेवून विसरल्यासारखी.

आता घर आपलं झालं, कॉनर म्हणाला,
हा जुना धोंडा टाकू या बाहेर.
नवा घेऊ. हप्त्यावर मिळतात.

हेझल काही बोलली नाही.
तिनं उशी उचलली, दोन्ही हातांनी झटकली,
परत जागेवर ठेवली
आणि तिच्यावर बसली.